‘शंकांचे निरसन करण्यात आले’, पण कुणाच्या?

पत्र लातूर जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभ्याचा भाग देते:

“मॅडम, आंतरवासितेच्या (शाळेत जाऊन केलेल्या अध्यापनाच्या सरावाच्या) अनुभवावर आम्हाला चिंतनात्मक निबंध लिहायचा आहे. तिघी-तिघींचे गट करून एकमेकींच्या निबंधावर प्रत्याभरण (फीडबॅक) द्यायला सांगितलंय. माझ्या निबंधावर एकीनं ‘खूप छान, फक्त शेवट सकारात्मक कर’ एवढंच लिहिलं. दुसरीनं २३ ठिकाणी लाल पेन चालवला आणि खाली लिहिलं, ‘हा अहवाल वाटतो. यात तू कुठे आहेस?’ मला रात्री झोप आली नाही. तिचं सगळं ऐकलं तर निबंध माझा राहील का? आणि आता तिचा निबंध माझ्याकडे आलाय. तिच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली, त्यावर लिहिलंय. ती स्वतःही ऊसतोड कामगारांच्या घरातली आहे. त्यात मी काय चुका काढू? आठ दिवसांनी निबंध द्यायचाय.

“ता. क. खरं सांगायचं तर माझा तो पाठ तेवढा चांगला झालाच नव्हता. सहावीला अपूर्णांक घेत होते. शेवटच्या बाकावरच्या एकानं विचारलं, ‘बाई, आठ चारपेक्षा मोठा, मग एक अष्टमांश एक चतुर्थांशापेक्षा लहान कसा?’ मी म्हटलं, ‘नंतर सांगते,’ आणि घंटा झाली. नंतर सांगितलंच नाही. पण असलं निबंधात थोडंच लिहितात?”

प्रिय मुली,

तुझ्या निबंधाच्या पानांचे फोटो पत्रासोबत होते, म्हणून आधी निबंध वाचला आणि मग पत्र. ताज्या कलमापाशी आले आणि थांबले. निबंधाच्या दुसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस, “पाठाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करण्यात आले.” या वाक्याखाली तुझ्या मैत्रिणीनं लाल रेघ ओढून समासात विचारलंय, “कोणती शंका? कुणाची? काय सांगितलंस?”

म्हणजे ज्या जागेवर तू ताज्या कलमात मला खरं सांगितलंस, नेमक्या त्याच जागेवर तिनं बोट ठेवलं. ती त्या वर्गात नव्हती. तो मुलगा तिला माहीत नाही. तरी तिला ते वाक्य पोकळ लागलं. चांगली वाचक लाभली आहे तुला. तिच्या लाल पेनानं झोप उडाली हे समजू शकते, पण ही मैत्रीण सोडू नकोस.

राग जरा शांत झाला असेल तर ती पानं पुन्हा घे आणि २३ खुणांची वर्गवारी कर. मी केली. १४ खुणा ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि विरामचिन्हांच्या आहेत. पाच ठिकाणी तिनं शब्द बदलून सुचवले आहेत. उरल्या चार. खरं प्रत्याभरण त्या चारांत आहे, आणि तेवीसच्या आकड्याखाली तेच दबून गेलंय. पान लाल दिसलं की आपल्याला सगळ्या खुणा एकाच वजनाच्या वाटतात. ‘विद्यार्थीनी’ची ‘विद्यार्थिनी’ करणं आणि ‘यात तू कुठे आहेस?’ याला उत्तर देणं, यांची बरोबरी कशी होईल?

यातला क्रम महत्त्वाचा आहे. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जो परिच्छेद उद्या अख्खाच काढून टाकायचा आहे त्यातल्या वेलांट्या आज नीट करून काय मिळणार? उलट वेलांट्या सुधारल्या की तो परिच्छेद झाल्यासारखा वाटतो आणि मग त्याला हात लावायला मन धजत नाही. आधी काय सांगायचंय ते, मग कुठून सुरू करायचं ते, मग वाक्यं, मग वेलांट्या.

ही रीत तुला नवी नाही. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावाचे छोटे पाठ घेतलेस ना? १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेलं ते तंत्र आपल्याकडच्या अध्यापक महाविद्यालयांत आजही शिकवतात. सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण, मग बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं अध्यापन आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं चक्र. यात सगळ्यात जास्त वेळ कशाला दिलाय बघ. शिकवण्याला नाही आणि ऐकण्यालाही नाही. ऐकल्यानंतर एकटीनं बसून पुन्हा मांडणी करायला दुप्पट वेळ दिलाय. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी वेळ कमी पडला की याच बारा मिनिटांना कात्री लागते. निबंधाचंही तेच होतं. मैत्रिणीनं खुणा केल्या, आपण त्या एकेक करून भरल्या, झाला दुसरा खर्डा. ती पुनर्रचना नव्हे, ते फक्त खुणा भरणं झालं. तुझ्याकडे आठ दिवस आहेत. त्यातले पाच या मधल्या कामाला दे.

आणखी एक गोष्ट त्याच वर्गातली. प्रश्नकौशल्याच्या पाठाचं निरीक्षण करताना आपण ‘प्रश्न बरे होते’ असं लिहीत नव्हतो. निरीक्षण तक्त्यात एकेका प्रश्नाला खूण करत होतो. सहा मिनिटांत अकरा प्रश्न, त्यातले नऊ ‘हो-नाही’चे. एवढं समोर ठेवलं की शिकवणारीला स्वतःलाच दिसायचं. तुझ्या पहिल्या मैत्रिणीचं ‘खूप छान’ म्हणूनच तुझ्या उपयोगाचं नाही. ती मनानं वाईट नाही, कदाचित अंतर्गत गुणांचा विचार करून तिनं तुला सांभाळून घेतलं असेल. पण त्या दोन शब्दांत तुझ्या निबंधातली एकही जागा नाही. तिला पुन्हा भेट आणि विचार, ‘काय छान वाटलं ते एक वाक्य दाखव.’ दाखवता आलं तर ते वाक्य जप. नाही आलं तर तिला निबंध मोठ्यानं वाचायला सांग आणि तू फक्त ऐक. कुठे ती अडखळते, कुठे वाक्य परत पहिल्यापासून घेते, कुठे भरभर उरकते, त्या जागांवर पेन्सिलीनं टिंब कर. ती भेटत नसेल तर मोबाइलवर वाचून पाठवायला सांग. तिला तोंडानं सांगता न आलेलं तिच्या वाचण्यातून तुला कळेल.

आता तुझा प्रश्न, सगळं ऐकलं तर निबंध माझा राहील का. सगळं ऐकायचं नाहीच. वाचक अडखळला हे तो खरं सांगतो, कारण अडखळणं त्याचं स्वतःचं असतं. पण तिथे काय करायला हवं हे तो सांगायला लागला की त्यातलं पुष्कळसं चुकतं, कारण तो तुझ्या वर्गात नव्हता. म्हणून प्रत्येक शेऱ्याचे दोन भाग कर. अडखळण्याची जागा मान. इलाज स्वतः शोध.

तुझ्याच पहिल्या परिच्छेदाचं बघ. शाळेची स्थापना, इमारत, पटसंख्या, मैदान. लाल पेनवाली म्हणते, हे काढ. आणखी कुणी म्हणेल, शाळेच्या परिसराची आणखी माहिती दे. हे सल्ले एकमेकांच्या उलट आहेत, पण अडण्याची जागा एकच. तिथे काहीतरी बिघडलं आहे यात शंका नाही. मला विचारशील तर त्या परिच्छेदात शाळा आहे पण त्या शाळेत पहिल्या दिवशी पाऊल टाकणारी तू नाहीस. पटसंख्या अहवालात जाऊ दे. या निबंधात ती तेव्हाच येईल, जेव्हा त्या संख्येनं तुझ्या पोटात गोळा आला असेल.

एका फुलस्केपला मधोमध घडी घाल. डावीकडे शेरा, उजवीकडे त्याचं तू काय करणार ते आणि का. ‘घेतलं’, ‘नाही घेतलं’, ‘विचारायचंय’. ‘का’ मात्र हवंच. नाही घेतलं तरी कारण लिही. कारण सुचत नसेल तर बहुधा तो शेरा लागलाय म्हणून नाकारते आहेस, आणि मग तो एक दिवस बाजूला ठेवून पुन्हा बघावा.

काही शेरे मात्र तू बेलाशक नाकार. पहिला, ‘शेवट सकारात्मक कर’. तुला त्या तासानंतर आनंद झाला नव्हता तर ‘हा अनुभव आयुष्यभर प्रेरणा देईल’ असं लिहू नकोस. दुसरा नकार लाल पेनवालीला. तू लिहिलं होतंस, “लेकरं फळ्याकडं बघत होती पण फळ्यावरचं त्यांना कळत नव्हतं.” तिनं ‘लेकरं’ खोडून ‘विद्यार्थी’ केलं, ‘फळ्याकडं’चं ‘फळ्याकडे’ केलं. इथे ती चुकली. निबंधातलं हे एक वाक्य तुझ्या तोंडून आलंय, आणि त्यातच तू सापडतेस, जिला ती खाली ‘कुठे आहेस’ म्हणून विचारते आहे. लेखनाच्या मान्य नियमांतही बोलण्यातली भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला जागा ठेवलेली आहे. मराठवाड्यातली बाई वर्गात ‘लेकरांनो’ म्हणते, तर चिंतनातही लेकरंच येतील. हे तिला सांग, गोडीनं सांग. तिलाही ते कळेल, तीही तुमच्याकडचीच आहे.

पण मुख्य दुरुस्ती ‘करण्यात आले’ची. तुझ्या चार पानांत हा प्रयोग मी मोजला, नऊ वेळा आहे. ‘फलकलेखन करण्यात आले’, ‘गटकार्य घेण्यात आले’, ‘विद्यार्थ्यांमध्ये उत्साह दिसून आला’. ही भाषा आपण शासकीय परिपत्रकांतून आणि शाळेच्या अहवालांतून उचलतो, आणि तिथे ती ठीक आहे, कारण तिथे कोण करतंय याला महत्त्व नसतं. चिंतनात तेच महत्त्वाचं. फलक कोणी लिहिला? मी. शंका कोणी विचारली? त्यानं. उत्तर कोणी दिलं नाही? मी. ‘करण्यात आले’ म्हटलं की ही सगळी माणसं वाक्यातून उठून जातात आणि कुणाचंच काही चुकत नाही. नऊही ठिकाणी कर्ता परत आण. दोन-तीन ठिकाणी वाक्य नुसतं सुटसुटीत होईल. एखाद-दोन ठिकाणी तुला पुढे लिहिता येणार नाही, पेन थांबेल. तुझं चिंतन तिथून सुरू होतं.

मग निबंधात ‘निरसन करण्यात आले’ आणि ताज्या कलमात ‘नंतर सांगते म्हटलं आणि घंटा झाली’, ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ. दुसऱ्यात एक मुलगा आहे, एक बाई आहे, एक घंटा आहे. मला विचारावंसं वाटतं, घंटा झाली नसती तर सांगितलं असतंस का? उत्तर येत होतं का तुला? का छेद समान करायची रीत येत होती, पण लहान छेदाचा तुकडा मोठा का हे कधी शब्दांत मांडायची वेळच आली नव्हती? मी हे खोट काढायला विचारत नाही. रीत हाताला असते आणि कारण तोंडात नसतं, हे गणित शिकवणाऱ्या अनेकांचं होतं. पण हे फक्त तुलाच लिहिता येईल. मी किंवा तुझी मैत्रीण त्या परिच्छेदाचा एक शब्दही सुचवू शकत नाही.

‘असलं निबंधात थोडंच लिहितात?’ असं तू विचारलंस. हेच लिहितात. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवडे शाळांमध्ये घालवायला लावतात, ते पाठ चांगले झाल्याचे दाखले गोळा करायला नव्हे. तुमच्याकडे दिलेले सहा मथळे, वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा, हे ब्रिटनमध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेलं चिंतनाचं चक्र. त्यात भावना मूल्यमापनाच्या आधी ठेवली आहे. काय चांगलं आणि काय वाईट हे ठरवण्याआधी मला काय झालं ते बघायचं. तू ‘भावना’ या मथळ्याखाली एकच ओळ लिहिलीस, ‘मला अध्यापनाचा मनस्वी आनंद झाला.’ मैत्रिणीच्या चार खऱ्या खुणांतली एक इथे आहे, नुसतं प्रश्नचिन्ह. मथळे ठेवावे लागत असतील तर ठेव, पण सहा रकाने सारखे भरायची गरज नाही. त्या मुलाच्या प्रश्नाला दीड पान गेलं आणि शाळेच्या वर्णनाला चार ओळी, तर निबंधाचं काही बिघडत नाही.

आता मैत्रिणीच्या निबंधाकडे येऊ. हा भाग मला जास्त जपून लिहायचाय.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या हातून एक गोष्ट झाली. एका छात्राध्यापिकेनं पाठाच्या अनुभवात मध्येच आपल्या वारलेल्या भावाबद्दल लिहिलं होतं. वर्गातला एक मुलगा त्याच्यासारखा हसायचा, एवढंच. मी समासात लाल शाईनं लिहिलं, ‘भावनेला आवर घाला, विषयाला धरून राहा.’ पुढच्या वेळी तिचं लेखन अगदी विषयाला धरून आलं. एकही चूक नव्हती आणि एकही माणूस नव्हता. मग वर्षभर तसंच येत राहिलं. तिला बोलावून काही म्हणावं हे मला तेव्हा सुचलं नाही. आज ती कुठेतरी शिकवत असेल आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत काय लिहीत असेल, याचा विचार अजूनही मनात येतो. म्हणून सांगते, दुसऱ्याच्या लेखनात जिथे दुखरी जागा असेल तिथे पेन उचलण्याआधी थांब.

पण दुखरी जागा आहे म्हणून ‘छान, डोळ्यांत पाणी आलं’ लिहून वही परत देऊ नकोस. तिनं तुझ्यासाठी चार पानं लक्ष देऊन वाचली. तूही तेवढीच लक्ष देऊन वाच. दोनदा वाच, पहिल्यांदा हातात पेन न घेता. वाचून झाल्यावर वही मिटव आणि काय आठवतंय ते लिही. तू पत्रात म्हणालीस की तुझ्या मनात तो रिकामा बाक राहिला आणि शेजारच्या मुलीनं त्यावर आपलं दप्तर न ठेवणं राहिलं. मग तिला पहिलं तेच सांग. तिचं लिहिणं कुठे पोचलं हे तिला कळायला हवं. नाहीतर पुढच्या खर्ड्यात ती नेमकं तेच कापून टाकेल.

मग सांग की कुठे तू निबंधाबाहेर फेकली गेलीस. तू लिहिलंस की दुसऱ्या पानानंतर तिनं स्थलांतराची कारणं, हंगामी वसतिगृहं, शिक्षणहक्क कायदा अशी सगळी माहिती दिली आहे आणि ‘ते वाचताना मी दुसरीकडे गेले’. हे जसंच्या तसं तिला सांगता येईल. ‘इथे माहिती फार झाली’ हा निवाडा आहे, त्यावर वाद होतो. ‘इथे माझं लक्ष उडालं आणि बाक मागे राहिला’ हे तुझ्या बाबतीत घडलंय. ती ते ऐकून घेईल. ती माहिती खोटी नाही, तिचं घर त्यातलंच आहे. पण मला वाटतं, जे सांगणं जड जातंय त्याच्या आधी तिनं कायद्याची भिंत उभी केली आहे, जशी तू ‘करण्यात आले’ची केलीस.

आणि एक प्रश्न विचार. एकच, आणि ज्याचं उत्तर तिच्याशिवाय कुणाकडे नाही असा. ‘यामुळे तुला काय शिकायला मिळालं?’ हा तो प्रश्न नव्हे, त्याला तयार उत्तरं असतात. मी असते तर विचारलं असतं, ‘ती गेल्यावर हजेरी घेताना तिच्या नावापाशी तू काय करायचीस?’ तुला याहून जवळचा प्रश्न सुचेल. फक्त तो समासात लाल पेनानं लिहू नकोस, समोर बसून विचार. आणि तिनं म्हटलं, ‘मला हे लिहायचं नाही,’ तर विषय तिथेच सोड. किती उघडं व्हायचं हे तिचं ती ठरवेल, गुणांसाठी कुणी आपलं घर पानावर मांडू नये. हेही तिला बोलून दाखव, म्हणजे तिला मोकळं वाटेल. दोघींनीही मुलांची नावं मात्र बदला. त्या मुलीनं किंवा तुझ्या शेवटच्या बाकावरच्या मुलानं निबंधात यायला होकार दिलेला नाही.

तुझा दुसरा खर्डा झाला की तो आधी तिला दाखव, फुलस्केपसकट. तिचं काय घेतलं, काय नाही आणि का, ते तिला दिसू दे. बहुतेक जणी शेरे देतात आणि त्यांचं पुढे काय झालं हे त्यांना कधीच कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी त्या ‘छान’ लिहून मोकळ्या होतात.

शेवटचं, तुझा ‘कृती आराखडा’. तू लिहिलंस, “भविष्यात शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर करण्यात येईल.” दहावं ‘करण्यात’. पत्रात म्हणतेस की शाळेतले तुझे अजून चार दिवस बाकी आहेत. मग भविष्य कशाला? सोमवारी घरून एक भाकरी ने. मधल्या सुट्टीत त्या मुलाला बोलाव आणि त्याच्या हातानं तिचे आधी चार तुकडे करायला लाव. मग त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा दोन. त्याला विचार, आठ जण जेवायला बसले तर तुझ्या वाट्याला काय, आणि चारच बसले तर काय? तो काय म्हणतो ते ऐक, मध्ये बोलू नकोस. ते निबंधात आलं नाही तरी चालेल, मला मात्र कळव.